‘एईएस’ दिसत नाही म्हणून सहाशे रुपयांचा डबा भंगारात परत देऊ का?

नंदगडकर_झेरॉक्स (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार. प्रश्न लांबडा आहे. कमांड आणि नावं सगळी देवनागरीतच लिहितोय, मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे आणि मध्ये मध्ये बदलायचा कंटाळा येतो. समजून घ्या.

माझं खानापूर तालुक्यात नंदगडला झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला. खरं काम म्हणजे एखादी म्हातारी पदरातून घडी घातलेला कन्नड कागद काढते आणि म्हणते, ‘बाळा, यात काय लिवलंय बघ की.’ मी वाचतो, मराठीत सांगतो, उत्तराचा अर्ज भरतो, कागद स्कॅन करतो. पुढच्या वेळी तिला परत सगळी पिशवी आणायला नको म्हणून स्कॅन ठेवून देतो. अशी नऊ वर्षं झाली. आज माझ्याकडे अर्ध्या गावाचं आधार, रेशन कार्ड, आरटीसीचे (जमिनीचे) उतारे, जात-उत्पन्नाचे दाखले आणि पासबुकाची पहिली पानं पडून आहेत. १८० जीबी.

गेल्या पावसाळ्यात बॅकअपची हार्डडिस्क टकटक करायला लागली. बेळगावात एका ठिकाणी दुरुस्तीला दिली. कुठे ते विचारू नका. पंधरा दिवसांनी ‘काही निघत नाही’ म्हणून परत मिळाली. घरी येऊन बघतो तर पाठीवर मार्करनं केलेली माझी फुली नाही. कंपनी तीच, आकार तोच, डिस्क दुसरी. परत गेलो, भांडलो. ‘हीच तुमची’ म्हणाले. माझी डिस्क आज कुणाच्या टेबलावर आहे देव जाणे, आणि तिच्यात त्या म्हातारीचा अंगठा आहे.

तेव्हाच ठरवलं, पुढची डिस्क कुलूप लावूनच. एका भंगारवाल्याकडून सहाशे रुपयांना एक थिन क्लायंट (सर्व्हरला जोडून वापरायचा छोटा कॉम्प्युटर) उचलला. कुठल्यातरी ऑफिसनं काढून टाकलेला, शाळेच्या पाठ्यपुस्तकाएवढा, आत पंखासुद्धा नाही. प्रोसेसर व्हीआयए सी७, १ गिगाहर्ट्झ, ३२ बिट. रॅम ५१२ एमबी. डेबियन १२ पेनड्राइव्हवरून चालवतोय. १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, म्हणून १२. मागे यूएसबीला १ टीबीची डिस्क, तिच्यावर लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्कला लावायचं कुलूप. वीज इतकी कमी खातो की छोट्या यूपीएसवर निवांत बसतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाईट ही पाहुणी असते, म्हणून हा डबा आवडला.

अडचण वेगाची. लॅपटॉपवरून एससीपीनं (नेटवर्कवरून फाईली पाठवायची कमांड) कॉपी लावली तर सेकंदाला जेमतेम ५ एमबी. १८० जीबीला दहा तास. यूट्यूबवर बघून सीपीयूइन्फोमध्ये (प्रोसेसरला काय काय येतं त्याची लिनक्समधली यादी) ‘एईएस’ शोधलं, म्हणजे हे कुलूप ज्या गणितानं लागतं त्याचं नाव, काहीच आलं नाही. म्हणजे एन्क्रिप्शनचं हार्डवेअर नाही, सगळं बिचारा प्रोसेसर हातानं करतोय, असं मी समजलो. घरी एक जुना कोअर २ ड्युओचा टॉवर आहे, त्यातही ‘एईएस’ येत नाही.

तर डबा परत देऊ का? आणि सेकंडहँड घ्यायचं तर काय बघून घेऊ? बजेट विचारू नका, पावसाळा आहे.

टिळकवाडीचा_विनू (रविवार, रात्री ११.०५)

दादा सी७ म्हणजे म्युझियम पीस आहे 😄 द्या टाकून. बेळगावात सेकंडहँड आय३ चे डेस्कटॉप ढिगानं मिळतात, कुठलाही घ्या, एईएस-एनआय (इंटेलचं एईएसचं हार्डवेअर) असतंच. नाहीतर रास्पबेरी पाय ४ घ्या, तोही वीज खात नाही.

निपाणीकर_काका (सोमवार, सकाळी ६.२०)

विनू, तुझ्या एका उत्तरात दोन खड्डे आहेत. तो पोरगा पैसे घालून बसायच्या आत बुजवतो.

‘आय३ मध्ये असतंच’ हे खरं नाही. इंटेलनं बरीच वर्षं ही सोय आय५, आय७ साठी राखून ठेवली होती. आय३-२१०० मध्ये नाही, आय३-३२२० मध्ये नाही. त्याच काळातल्या आय५-२४०० मध्ये आहे. चौथ्या पिढीच्या आय३-४१३० मध्ये आली. पेंटियमचा जी३२२० पण चौथ्या पिढीचाच, त्यात नाही. सेकंडहँडच्या दुकानात नेमकी हीच मॉडेलं रचून ठेवलेली असतात. आणि पाय ४: त्यातल्या कॉर्टेक्स-ए७२ मध्ये क्रिप्टोच्या सूचना घेतलेल्याच नाहीत. पाय ५ मध्ये आहेत. दोन्ही बोर्डं दिसायला भावंडं, या कामात एकदम वेगळी.

आता नंदगडकर. तू वयानं लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतोय. डबा कुठेही देऊ नकोस. परत सीपीयूइन्फो उघड आणि ए-ई-एस नको, ए-सी-ई शोध. एसीई.

‘एईएस’ हा फ्लॅग, म्हणजे त्या यादीतली खूण, इंटेलच्या सूचनांचा. त्या आल्या २०१० मध्ये, वेस्टमियर पिढीत. तुझा सी७ मुळात २००५ चा. तो आखला अमेरिकेत ऑस्टिनच्या सेंटॉर नावाच्या छोट्या कंपनीनं, व्हीआयएसाठी. चिप अशक्त, वीज कमी खाणारी, वेगात इंटेलपुढं उभी राहणारी नव्हेच. पण तिच्या पोटात त्यांनी एईएसचं वेगळं यंत्र बसवलं आणि नाव ठेवलं पॅडलॉक. इंटेलच्या पाच वर्षं आधी! शिवाय एसएचए-१, एसएचए-२५६, आरएसएला लागणारे मोठे गुणाकार आणि खऱ्या यादृच्छिक आकड्यांचा झरा, हे सगळं त्याच चिपवर. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा असले दीडशे डबे एका ग्राहकाकडे बसवलेत. एकालाही माहीत नव्हतं पोटात काय आहे. मलाही उशिराच कळलं, ते जाऊ दे.

फरक काय पडतो ते बघ. एईएस एका वेळी १६ बाइटचा घास घेतं. २५६ बिटची चावी असेल तर प्रत्येक घास १४ वेळा घुसळायचा. तुझे १८० जीबी म्हणजे सव्वा अकराशे कोटी घास. सॉफ्टवेअरनं करायचं तर प्रत्येक घुसळणीला मेमरीतल्या तक्त्यात डोकावायचं, आकडा उचलायचा, दुसऱ्याशी मिसळायचा, परत ठेवायचा. विळ्यानं कडबा तोडल्यासारखं. पॅडलॉक म्हणजे कडबाकुट्टी. प्रोसेसर एकच सूचना देतो, ‘ही चावी, इथून सुरू कर, इतके घास’, आणि पेंढी आत सरकते.

दोन गोष्टी तपासून सांग.

फ्लॅगमध्ये ‘एसीई’ च्या शेजारी ‘एसीई_ईएन’ आहे का. पहिला म्हणजे यंत्र आहे, दुसरा म्हणजे चालू आहे. बायोसनं बंद ठेवलं असेल तर लिनक्स कर्नल सुरू होताना स्वतःच चालू करतो. तरी नाही झालं तर पॅडलॉकचा ड्रायव्हर लॉगमध्ये जे लिहितो त्याचा अर्थ ‘सापडलं, पण चालू नाही. हं, विचित्रच.’ कर्नलच्या कोडमध्ये असं कुणीतरी मनातलं लिहून गेलेलं सापडलं की मला बरं वाटतं.

मग प्रोक खालची क्रिप्टो नावाची फाईल वाच. तिच्यात एईएसची दोन-तीन बिऱ्हाडं दिसतील. शेवटी ‘जनरिक’ असलेलं साधं सॉफ्टवेअरचं, प्रायॉरिटी १००. ‘पॅडलॉक’ असलेलं ३०० किंवा ४००. ज्याचा आकडा मोठा त्याला काम मिळतं.

आणि कॉपी चालू असताना दुसऱ्या खिडकीत टॉप (प्रोसेसर कोण किती खातंय ते दाखवणारी कमांड) लावून ठेव. सगळ्यात वर कोण बसलंय ते लिही. मला एक शंका आहे, पण आत्ता सांगत नाही.

हुक्केरी_टॅलीवाली (सोमवार, दुपारी १.१५)

काकांचं चालू दे, मी फक्त कोअर २ ड्युओबद्दल सांगते, कारण आमच्याकडे टॅलीचा बॅकअप अजून त्याच्यावरच जातो.

त्यात कुठल्याच नावाचं एईएस हार्डवेअर नाही, शोधत बसू नका. पण एईएसच हवं असा हट्ट कशाला? अँड्रॉइडच्या स्वस्त फोनांना हीच अडचण होती, तेव्हा गूगलनं अडियांटम काढलं. त्यात मुख्य काम एक्सचाचा करतो आणि एईएस प्रत्येक सेक्टरला एकदाच, नावाला. चाचामध्ये तक्ते नाहीत, नुसती बेरीज, एक्सऑर आणि बिट फिरवणं, ते कुठलाही प्रोसेसर भराभर करतो. लिनक्समध्ये कर्नल ५.० पासून आहे. डिस्क बनवताना सायफर तो द्यायचा आणि सेक्टर ४०९६ चा ठेवायचा. आमच्या मशिनवर एईएसपेक्षा स्पष्ट फरक पडला. पण आधी क्रिप्टसेटअपचं (लक्स चालवणारी कमांड) बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, चालवा, मग ठरवा. दुसऱ्याच्या मशिनचे आकडे बघून आपली डिस्क फॉरमॅट करू नये, हे मी फॉरमॅट करून शिकलेय.

नंदगडकर_झेरॉक्स (सोमवार, रात्री ९.५०)

काका. आहे.

‘एसीई’ आहे, ‘एसीई_ईएन’ आहे, ‘एसीई२’ पण आहे. आणखी पीएचई, पीएमएम, आरएनजी (तुम्ही सांगितलेली बाकीची यंत्रं), सगळी जोडप्यानं उभी आहेत. आणि ऐका, मला काही चालू करावंच लागलं नाही. पॅडलॉकचं मॉड्यूल (ड्रायव्हर) पहिल्या दिवसापासून आपोआप लोड झालेलं होतं! मी सहा दिवस त्याला नाही नाही म्हणत होतो आणि ते खाली मान घालून काम करत होतं.

खात्री करायला डिस्क बंद केली, मॉड्यूल काढलं आणि बेंचमार्क लावला. एक्सटीएसला (लक्स एईएस ज्या पद्धतीनं वापरतं ती) सेकंदाला पंधरा एमबीसुद्धा नाही. मॉड्यूल परत घातलं, साठच्या वर गेला. सीबीसी या दुसऱ्या पद्धतीला त्याहून बराच जास्त.

मग ५ एमबी का? टॉप लावला. सगळ्यात वर डिस्कचं काही नाहीच. एसएसएचडी, नव्वदच्या पुढं. म्हणजे काय समजायचं?

निपाणीकर_काका (सोमवार, रात्री १०.१०)

हीच शंका होती.

तुझ्या घराला दोन कुलुपं आहेत. एक डिस्कवर, लक्सचं, ते पॅडलॉक उघडतं-लावतं. दुसरं वायरवर, एसएसएचचं. एससीपी म्हणजे एसएसएचच. डेबियन १२ मधला एसएसएच आपणहून निवडतो चाचा२०-पॉली१३०५. आमच्या हुक्केरीच्या ताईंनी सांगितलेल्या चाचाचाच सख्खा. तो एरवी गुणी आहे, पण पॅडलॉकला चाचा येत नाही, एईएसच येतं. म्हणजे वायरवरचं कुलूप तुझा एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर हातानं लावतोय, आणि त्याच हातानं यूएसबी पण सांभाळतोय.

आता मला सांग, लॅपटॉप आणि डब्यामध्ये अंतर किती?

नंदगडकर_झेरॉक्स (सोमवार, रात्री १०.१२)

तीन फूट. एकाच टेबलावर. मध्ये लॅमिनेशनचं मशीन.

निपाणीकर_काका (सोमवार, रात्री १०.३०)

मग तीन फुटांच्या वायरवर कोण कान लावून बसणार आहे? लॅमिनेशनचं मशीन?

डब्यावर आरसिंक (फाईली कॉपी करणारा प्रोग्राम) डेमन म्हणून, म्हणजे मागे सतत चालू, ठेव, एसएसएचमधून नको. लॅपटॉपवरून थेट त्याला दे. फक्त दोन अटी. लॅपटॉप आणि डबा नेटवर्क केबलनं सरळ जोडायचे, वायफायवरून किंवा राउटरमधून नाही. आणि डेमननं फक्त त्या केबलच्या पत्त्यावर ऐकायचं. बाहेरून कधी कॉपी करायची वेळ आली तर मुकाट्यानं एसएसएच, हळू तर हळू.

यापेक्षा जास्त वेगाची आशा धरू नकोस. डब्याचं नेटवर्क १०० मेगाबिटचं, म्हणजे हातात अकरा-साडेअकरा एमबी. यूएसबी २ वरची डिस्क तीसच्या आसपास. पॅडलॉक साठ देतोय. सगळ्यात चिंचोळी जागा आता वायर आहे. आय५ आणला असतास तरी या वायरवर एवढंच मिळालं असतं.

टिळकवाडीचा_विनू (मंगळवार, सकाळी ९.००)

काका मान गये 🙏 आमच्या लॅबमधल्या मशिनी बघितल्या, चार आय३-३२२० निघाल्या, एकातही नाही.

नंदगडकर_झेरॉक्स (बुधवार, रात्री ११.२५)

काका, ताई, मी शहाणपणा केला आणि अडकलो.

आरसिंकनं लावलं, अकरापर्यंत गेलं, छान. पण साडेचार तास पण कशाला, म्हणून म्हटलं पहिली मोठी खेप लॅपटॉपवरूनच थेट भरू. डिस्क लॅपटॉपला लावली, नव्यानं लक्स केलं, पासफ्रेज दिला, १८० जीबी ओतले. लॅपटॉपवर उघडते, बंद होते, सगळं नीट. डब्याला लावली तर उघडत नाही. पासफ्रेज शंभर टक्के बरोबर आहे, मोठ्यानं म्हणत टाइप केला. बायको म्हणाली, आता सगळ्या गल्लीला माहीत झाला. मेमरी नाही अशी काहीतरी तक्रार करतंय. ५१२ एमबीमध्ये १ टीबीची डिस्क मावत नाही, असं आहे का?

हुक्केरी_टॅलीवाली (गुरुवार, सकाळी ७.४०)

नाही दादा, डिस्क मेमरीत घ्यायची नसते. हे मी भोगलेलं आहे म्हणून काकांच्या आधी सांगते.

तुमचा पासफ्रेज थेट चावी म्हणून वापरत नाहीत. आधी तो मुद्दाम दमवणाऱ्या गणितातून जातो, म्हणजे चोरानं लाखो अंदाज मारायचे ठरवले तर प्रत्येक अंदाज त्याला महाग पडावा. लक्स२ मध्ये ते गणित आरगॉन२आयडी. ते वेळ तर खातंच, मेमरीपण खातं, मुद्दामच. किती खायची ते डिस्क बनवताना ज्या मशिनवर बनवतो त्याच्याकडे बघून ठरतं. जास्तीत जास्त १ जीबी, आणि मशिनच्या निम्म्या रॅमच्या आत. तुमच्या लॅपटॉपला १ जीबी म्हणजे किरकोळ. डब्याकडे सगळी मिळून ५१२. म्हणून पहिल्या वेळी, डब्यावरच बनवलेली डिस्क उघडत होती आणि ही उघडत नाही.

डेटाला काही झालेलं नाही. परत ओतायची गरज नाही. डिस्क लॅपटॉपला लावा. आधी लक्सच्या हेडरचा (डिस्कच्या सुरुवातीचा, चावीची माहिती असलेला भाग) बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर ठेवा, ही पायरी गाळू नका. मग क्रिप्टसेटअपचं ‘लक्सकन्व्हर्टकी’ चालवा आणि पीबीकेडीएफची (त्या दमवणाऱ्या गणिताची) मेमरी १२८ एमबी द्या. आकडा केबीमध्ये द्यायचा असतो, १३१०७२. पासफ्रेज तोच राहतो, फक्त त्याच्याभोवतीचं गणित बदलतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

निपाणीकर_काका (गुरुवार, सकाळी ८.०५)

ताईंनी सांगितलं त्यात मला घालण्यासारखं एवढंच: मेमरी कमी केली म्हणजे चोराला अंदाज मारणं तेवढं स्वस्त झालं. म्हणून पासफ्रेज लांब ठेव. सहा-सात शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले, मराठी-कन्नड मिसळलेले चालतील. आणि हो, मनात टाइप कर. गल्लीला माहीत झालेला आधी बदल. हेडरचा बॅकअप बदलानंतर पुन्हा घे आणि पहिला पुसून टाक, नाहीतर जुन्या पासफ्रेजनं जुना हेडर उघडत राहील.

नंदगडकर_झेरॉक्स (शनिवार, रात्री ८.१५)

उघडली. पासफ्रेज दिला, डबा बराच वेळ विचारात पडला आणि उघडली.

काल दुपारी दोनला लाईट गेली ती संध्याकाळी सातला आली. यूपीएस संपल्यावर डबा बंद पडला आणि कुलूप आपोआप लागलं. आधी वाटलं पासफ्रेज एखाद्या फाईलमध्ये लिहून ठेवावा म्हणजे डबा स्वतःच उघडेल. मग लक्षात आलं, डबा उचलून नेणारा ती फाईल पण घेऊन जाईल. म्हणून आता रोज सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती आणि पासफ्रेज.

ती म्हातारी आज आली होती, पेन्शनच्या कागदासाठी. तिचा जुना स्कॅन डब्यातून काढून दिला, झटकन निघाला. डबा बघून म्हणाली, ‘रेडिओ घेतलास व्हय रे?’

डिस्कच्या पाठीवर फुली मारलीय. या वेळी मार्करनं नाही, खिळ्यानं.